रेघेवरून सापडलेला चितारी

सन १८२८ च्या सुरुवातीची गोष्ट. इटलीत रोम शहराच्या वायव्येला व्हुल्ची नावाचे ठिकाण आहे. तिथल्या एका शेतात नांगरट चालू होती. चालता चालता बैलांच्या पायाखालची जमीन एकाएकी खचली. खाली वाकून पाहतात तो जुन्या काळची थडग्याची खोली, आणि तीत दोन फुटकी मडकी.

जमीन होती नेपोलियन बादशहाचा भाऊ ल्युसियाँ बोनापार्ट याची. बातमी कानावर गेल्यावर त्याने खणायला माणसे लावली. थोड्याच एकरांच्या तुकड्यातून चार महिन्यांत दोन हजारांवर वस्तू निघाल्या. त्यांत चित्रे काढलेले घडे, सुरया आणि पेले पुष्कळ होते. काळ्या चकचकीत अंगावर तांबडी माणसे, तांबडे घोडे, तांबडे देव. गंमत अशी की ही भांडी इटलीची नव्हतीच. ती ग्रीस देशातल्या अथेन्स शहरात घडली आणि समुद्रमार्गे तिकडे आली. व्हुल्चीला त्या काळी एट्रुस्कन नावाचे लोक राहत. ते सधन होते. अथेन्सची चित्रांची भांडी ते हौसेने विकत घेत आणि घरचे माणूस गेले की त्याच्यासोबत थडग्यात ठेवीत. अथेन्समधली भांडी वापरात फुटली, खापऱ्या होऊन मातीत मिसळली. इटलीतली मात्र थडग्यात असल्यामुळे बरीचशी अखंड राहिली.

व्हुल्चीत मिळालेला असाच एक मोठा घडा पुढे जर्मनीत बर्लिनच्या संग्रहालयात गेला. झाकणासकट उंची सुमारे अडीच फूट, दोन बाजूंना दोन कान. अशा घड्याला ग्रीक लोक अँफोरा म्हणत. आजचा लेख हा घडा रंगवणाऱ्या माणसाबद्दल आहे. त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. त्याने ते कुठे लिहून ठेवले नाही, की दुसऱ्या कोणी त्याच्याबद्दल एक ओळ लिहिली नाही. तरीसुद्धा आज त्याच्या हातची तीनशेहून अधिक भांडी ओळखली गेली आहेत. उमेदीतली कोणती, उतारवयातली कोणती, त्याचे गुरू कोणत्या मंडळींतले आणि शिष्य कोण, हेही बरेचसे सांगता येते. जगभरच्या संग्रहालयांत त्याला 'बर्लिन चितारी' म्हणतात. बिचाऱ्याने बर्लिन कधी पाहिले नाही. ते गाव त्याच्या काळी वसलेलेही नव्हते.

आधी मातीकडे येऊ. हे सारे काम मातीचे आहे, आणि तेवढा भाग आपल्या वाचकांना एखाद्या प्राध्यापकापेक्षा लवकर उमजेल.

अथेन्सभोवतालच्या मुलखाला अ‍ॅटिका म्हणतात. तिथल्या मातीत लोह चांगले आहे, म्हणून ती भाजली की नारिंगी-तांबडी होते. मग भांड्यावरचा काळा रंग कोणता? तो रंग नव्हेच, तीही मातीच आहे. शेतातली मूठभर माती बाटलीत पाणी घालून खळखळून हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, पोयटा काही तासांत बसतो, आणि चिकणमातीचे अतिबारीक कण दुसऱ्या दिवशीही पाण्यात तरंगत असतात. माती परीक्षणाच्या वेळी आम्ही हा प्रयोग गावोगाव करून दाखवतो. अथेन्सचे कुंभार हेच मोठ्या प्रमाणावर करीत. वर तरंगणारे गढूळ पाणी वेगळे काढायचे, आटवायचे, की सायीसारखा दाट लेप उरतो. भांड्याला लावायचा तो हा लेप.

खरी करामत भाजणीत होती. पहिल्या टप्प्यात भट्टीची हवा मोकळी ठेवीत. उष्णता ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेली की भांडे आणि लेप दोन्ही तांबडे. दुसऱ्या टप्प्यात हवेची भोके बंद करून आत ओले लाकूड, ओला पाला टाकीत. धूर कोंडला, प्राणवायू मिळेनासा झाला, की आग तो मातीतल्या लोहातूनच ओढून घेते आणि सगळे भांडे काळे पडते. याच वेळी उष्णता ९०० अंशांच्या वर चढते आणि लेपाचे बारीक कण एकमेकांत मुरून काचेसारखे घट्ट होतात. तिसऱ्या टप्प्यात भोके पुन्हा उघडायची. भांड्याचे अंग जाड कणांचे, सच्छिद्र. त्यात हवा शिरते आणि ते पुन्हा तांबडे होते. लेप मात्र बंद झालेला असतो. तो काळाच राहतो.

कोकणात किंवा मावळात ज्यांची भातशेती आहे त्यांनी हे रसायन पाहिलेले आहे. खाचरात पाणी साचून राहिले की तांबडी माती निळसर राखी पडते. पाणी उतरून हवा लागली की मुळांच्या वाटांनी गंजासारखे तांबूस ठिपके दिसू लागतात. लोहाचा हा तोच खेळ आहे. खाचरात त्याला दिवस-आठवडे लागतात, भट्टीत काही तासांत उरकतो. भट्टी उघडायची वेळ चुकली की भांडे अर्धे तांबडे, अर्धे काळे असे डागाळून निघे. अशी बिघडलेली भांडीही आज संग्रहालयांत आहेत.

अथेन्सची कुंभारवस्ती शहराच्या वायव्य कडेला होती. तिचे नाव केरामाइकोस. भाजलेल्या मातीच्या वस्तूंना आपण आज 'सिरॅमिक' म्हणतो तो शब्द याच घराण्यातला. सुरुवातीला तिथे उलटी पद्धत होती. तांबड्या मातीवर काळी माणसे काढायची आणि नाक-डोळे सुईने कोरायचे. इसवी सनापूर्वी ५२५ च्या सुमारास नवी रीत आली. माणसे मातीच्या रंगाची मोकळी सोडायची आणि भोवतालची पार्श्वभूमी लेपाने भरून टाकायची. त्यामुळे आतल्या रेघा कुंचल्याने काढता येऊ लागल्या. जाड लेपाची रेघ बोटाला लागेल इतकी उठून येई. पातळ केलेला लेप भाजल्यावर मधासारखा पिवळसर होई. तो केसांना आणि स्नायूंना वापरीत.

यातली एक अडचण ध्यानात घ्या. न भाजलेल्या मातीवर त्याच मातीचा लेप म्हणजे तपकिरीवर तपकिरी. चितारी रेघ मारी तेव्हा ती काळी दिसत नसे. चित्र कसे उतरले हे भट्टी उघडल्यावर कळायचे. खोडायची सोय नव्हती. म्हणूनच हात बसलेला लागे, आणि बसलेल्या हाताला सवयी असतात.

घरात तीन जणी भाकरी करणाऱ्या असल्या तर ताटात पडलेली भाकरी कोणाची, हे घरचा माणूस काठ पाहून सांगतो. एकीचा काठ पातळ, दुसरीची मधे जाड. तिला स्वतःला विचारले तर सांगता येणार नाही, कारण तिने ते ठरवून केलेले नसते. पाभरीच्या ओळीवरूनही पेरणारा ओळखणारे लोक आहेत.

ऑक्सफर्डच्या जॉन बीझली या विद्वानाने हीच नजर भांड्यांकडे वळवली. त्याच्या आधी एकोणिसाव्या शतकात मोरेल्ली नावाच्या इटालियन गृहस्थाने जुन्या रंगचित्रांचे कर्ते कानांच्या आणि नखांच्या वळणावरून ठरवायला सुरुवात केली होती. मोरेल्ली शिकला होता वैद्यकी. त्याचे म्हणणे असे की चेहरा, हावभाव यांत चित्रकार मन घालतो. तिथे तो दुसऱ्याची नक्कल करील, गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे बदलही करील. कानाची पाळी काढताना मात्र तो विचार करीत नाही. तिथे त्याचा स्वतःचा हात उघडा पडतो.

बीझली युरोपभर संग्रहालये पालथी घालीत हिंडला. भांड्यांवरच्या रेघा स्वतःच्या हाताने उतरवून घेई. घोट्याचे हाड कसे दाखवले आहे, गुडघ्याची वाटी किती रेघांची, गळ्याखालची दोन हाडे कुठे वळतात, कानाचा आकार कसा, धोतरासारख्या वस्त्राच्या चुण्या टोकाला कशा मोडतात, अशी त्याची टिपणे. १९११ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याने एक लेख छापला. बर्लिनचा घडा ज्याने रंगवला त्याच माणसाने निरनिराळ्या देशांत विखुरलेली आणखी कितीतरी भांडी रंगवली आहेत, हे त्याने त्यात दाखवून दिले. माणसाला नाव नव्हते, म्हणून घड्याच्या मुक्कामावरून नाव दिले.

पुढे बीझलीने आयुष्यभर हेच केले. अथेन्सच्या शेकडो चिताऱ्यांचे हात त्याने वेगळे काढले. नावे देताना मौजही केली. एकाच्या घड्यावर डुकरे हाकणारा गुराखी आहे म्हणून तो 'डुक्कर चितारी'. एकाची माणसे नेहमी कोपरे बाहेर काढून नाचतात म्हणून तो 'कोपरे बाहेर'. १९७० साली बीझली वारला. त्याची टिपणे, छायाचित्रे ऑक्सफर्डला जपून ठेवली आहेत. त्याच्या काही निर्णयांवर आज वाद आहेत आणि असावेत. पण बर्लिन चिताऱ्याचा हात वेगळा आहे, याला सर्वसाधारणपणे सगळे मान देतात.

आता त्या घड्यावर काय आहे ते पाहू. एका बाजूला हर्मीस देव, त्याच्याजवळ वीणेसारखे वाद्य घेतलेला सॅटिर, आणि दोघांच्या मधे एक हरिण. सॅटिर म्हणजे अर्धा माणूस, घोड्यासारखी शेपटी-कान असलेला रानातला प्राणी. तिन्ही आकृत्या एकमेकींवर अशा आल्या आहेत की लांबून एकच बाह्यरेषा दिसते, जवळ गेल्यावर तिघे सुटे होतात. पाठीमागच्या बाजूला एकटाच सॅटिर. भोवती चौकट नाही, झाड नाही, घर नाही. पायाखाली नक्षीची आखूड पट्टी तेवढी. बाकी सगळा चकचकीत काळोख. इतर चितारी भांड्याची जागा माणसांनी भरून काढीत. हा मोकळी सोडी. मला विचाराल तर त्याचे मोठेपण यातच आहे. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातल्या त्याच्या घड्यावर एक तरुण गवई वाद्य वाजवीत मान मागे टाकून गातो आहे. मागच्या बाजूला काठी घेतलेला माणूस लक्ष देऊन ऐकतो आहे. दोघांच्या मधे घड्याचे सबंध पोट आहे, तरी गाणे ऐकू गेल्यासारखे वाटते. पॅरिसला लूव्र संग्रहालयात घंटेच्या आकाराचे एक मोठे भांडे आहे, मद्यात पाणी मिसळायचे. त्यावर ट्रॉयचा राजपुत्र गॅनिमीड एका हाताने चाक पळवतो आहे आणि दुसऱ्या हातात कोंबडा आहे. सायकलची जुनी रिंग काठीने पळवणारी आपली पोरे पाहा, पाय तसेच पडतात.

त्याच्या आधीच्या पिढीतले चितारी काही मुके नव्हते. युफ्रोनिओस, युथिमिदेस हे भांड्यावर सही करीत. युथिमिदेसने तर एका घड्यावर लिहून ठेवले आहे की असे युफ्रोनिओसला कधी जमले नसते. बर्लिन चितारी याच मंडळींच्या हाताखाली शिकला असे मानतात. त्याने मात्र बढाई मारली नाही. कुंभारकामाला तिथे फार मान नव्हता. भांड्यांच्या बुडाशी व्यापाऱ्यांनी कोरलेल्या किमती सापडल्या आहेत. पाण्याच्या मोठ्या चित्रित घागरीला दोन-तीन द्राख्मा पडत, म्हणजे कसबी माणसाची दोन-तीन दिवसांची मजुरी. त्याच शतकातल्या दुसऱ्या एका घागरीवर चितारखान्याचेच चित्र आहे. पुरुष रंगवीत बसले आहेत आणि कडेला एक बाई हातात कुंचला घेऊन मोठ्या भांड्याचा कान रंगवते आहे. अशा बायकांची नावे तर पुरुषांहूनही कमी उरली.

शेतकरी वाचकांना आवडेल असा त्याचा एक वेगळा माल होता. अथेन्समध्ये दर चार वर्षांनी अथीना देवीची मोठी जत्रा भरे. शर्यती, कुस्त्या, गायन होई. तिथल्या शर्यतींत जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून ऑलिव्हचे तेल मिळे, तेही खास रंगवलेल्या घड्यांत. एका घड्यात ३८ लिटरच्या आसपास तेल राही. एका बाजूला ढालवाली देवी, दुसऱ्या बाजूला शर्यतीचे चित्र, आणि देवीशेजारी 'अथेन्सच्या शर्यतींपैकी' अशी अक्षरे. हे घडे जुन्या रीतीने, म्हणजे तांबड्यावर काळे असेच रंगवायचा दंडक होता. आपल्या बर्लिन चिताऱ्याने तेही काम केले. नव्या पद्धतीचा एवढा मोठा उस्ताद, पण सरकारी कामात निमूटपणे जुनी रीत पाळली. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातल्या एका शिलालेखात बक्षिसांची यादी आहे. रथाच्या शर्यतीत पहिल्या आलेल्याला १४० घडे. हिशेब करा, पाच हजार लिटरच्या वर तेल झाले. ते घरी थोडेच संपणार? विकले जाई. तेलाबरोबर घडेही परमुलखात गेले.

हे तेल देवीच्या झाडांचे असे. ती झाडे खासगी शेतांतही उभी असत, मात्र त्यांच्यावर हक्क राज्याचा. ॲरिस्टॉटलच्या नावे असलेल्या ग्रंथात सांगितले आहे की असे झाड तोडणाऱ्याला पूर्वी देहदंड होता. शेतमालकाने झाडामागे ठरलेले माप तेल भरायचे. बांधावरच्या झाडावरून आपल्याकडे होणारी भांडणे आठवून मी हे वाचताना थोडा हसलो.

इसवी सनापूर्वी ४८० मध्ये इराणचा राजा झेर्झेस मोठे सैन्य घेऊन आला. अथेन्सच्या लोकांनी बायकामुले होडीतून पलीकडच्या गावांना पोचवली आणि शहर सोडले. शत्रूने ते जाळले. हिरोडोटस हा इतिहासकार सांगतो की टेकडीवरच्या देवळातले देवीचे ऑलिव्हचे झाडही जळाले, पण दुसऱ्याच दिवशी बुंध्याला हातभर फुटवा आला होता. हातभर हे भाविकांचे माप समजू. पण ऑलिव्ह बुंध्यापासून पुन्हा फुटतो हे खरे आहे. अथेन्सच्या बाजारपेठेत अलीकडे उत्खनन झाले तेव्हा त्या काळच्या विहिरी फुटक्या भांड्यांनी आणि ढिगाऱ्याने बुजवलेल्या सापडल्या. परत आलेल्या लोकांनी घरे साफ करून केर त्यांत टाकला होता.

बर्लिन चिताऱ्याची कारकीर्द इसवी सनापूर्वी ५०५ पासून ४६० पर्यंतची धरतात. म्हणजे हे सगळे त्याच्या डोळ्यांदेखत घडले. शहर जळण्याआधी त्याची भांडी आहेत, नंतरचीही आहेत. चाळीस-पंचेचाळीस वर्षे एकाच हाताने रेघा मारल्या. शेवटच्या कामांत ती जान राहिली नाही असे बीझलीचेच मत होते. घोटा तोच, पण सवयीने काढलेला. म्हातारपणी हात आखडतो, यात नवल नाही. त्याच्या हाताखालून मात्र चांगले चितारी निघाले. त्यातल्या एकाला आज 'अकिलीस चितारी' म्हणतात. त्याचेही खरे नाव गेले. व्हॅटिकनच्या संग्रहालयात त्याने काढलेला योद्धा अकिलीस भाला खांद्यावर टेकून एकटाच उभा आहे. भोवती काळोख, पायाखाली नक्षीची आखूड पट्टी. गुरूची मोकळी जागा शिष्याने ठेवली आहे.

या कौतुकाला दुसरी बाजू आहे, ती झाकून ठेवता येणार नाही. हात ओळखू येऊ लागला तशी किंमत वाढली. दोन-तीन दिवसांच्या मजुरीचे भांडे लाखोंना जाऊ लागले. मग रात्री थडगी फोडणारे आले. वर ज्याचे नाव आले त्या युफ्रोनिओसचे एक मोठे भांडे १९७१ साली इटलीत चोरून खणले गेले, पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने दहा लाख डॉलरना घेतले, आणि शेवटी २००८ साली ते इटलीला परत करावे लागले. भांडे परत आले, पण ते कोणाच्या उशाला होते, शेजारी काय काय होते, हे चोरांनी उचकटले तेव्हाच गेले. जमीन एकदा उकरली की तिचे थर पुन्हा लावता येत नाहीत, हे आपल्याला सांगायला नको.

व्हुल्चीच्या शेतात तरी वेगळे काय घडले होते? जॉर्ज डेनिस नावाचा इंग्रज प्रवासी १८४० च्या दशकात तिथे गेला. तोपर्यंत बोनापार्ट वारला होता, जमीन त्याच्या विधवेकडे होती आणि खणणे चालूच होते. डेनिसने लिहून ठेवले आहे की मजुरांवर बंदूकधारी मुकादम बसवलेला होता. चित्र नसलेले, साधे भांडे निघाले की ते तिथेच पायाखाली चुरडायचा हुकूम होता, म्हणजे बाजारात माल स्वस्त होणार नाही. डेनिसने काही भांडी मागितली, तीही दिली नाहीत. थडगे रिकामे झाले की माती लोटून बुजवायचे आणि पुढचे उघडायचे. त्या साध्या भांड्यांत धान्य ठेवलेले असेल, पाणी असेल. ती घडवणाऱ्याची रेघ नव्हती, म्हणून त्याचा माग कोणी काढला नाही.

बर्लिन चिताऱ्याची भांडी आज बर्लिन, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क अशी पांगलेली आहेत. २०१७ साली अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयाने त्यांतली बरीच एकत्र आणून मोठे प्रदर्शन भरवले होते. आपल्याला तिकडे जाणे होणार नाही, पण न्यूयॉर्कच्या त्या गवयाचे चित्र मोबाइलवर फुकट पाहता येते, आणि चांगले मोठे करून पाहता येते. घरातल्या शाळकरी मुलांना दाखवा. चेहऱ्याकडे नंतर पाहा, आधी त्याचे घोटे पाहायला सांगा.